काचेतल्या समुद्राची सफाई गँग

मालवण लांब, मुंबई लांब... तरी जाफराबादच्या एका बेडरूममध्ये समुद्र आहे. आणि त्या समुद्राचं हाउसकीपिंग सांभाळतात चक्क गोगलगायी!

प्रत्येक ऑफिसमध्ये असा एक जण असतोच. मीटिंगमध्ये चकार शब्द काढत नाही, पार्टीत कोपऱ्यात उभा असतो, अप्रेझलच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात शेवटी. पण तोच दोन दिवस रजेवर गेला की प्रिंटर बंद, सर्व्हर बंद, चहासुद्धा बंद! रीफ टँकमधली गोगलगाय म्हणजे सेम टू सेम तो माणूस. टँकसमोर येणारा प्रत्येक जण केशरी-पांढऱ्या क्लाऊनफिशचे फोटो काढतो. काच स्वच्छ होती म्हणून फोटो झकास आला, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिश टँक, पण नुसता माशांचा नाही. त्यात समुद्रातल्या खडकाचा एक जिवंत तुकडा उभा करायचा असतो. खडक, वाळू, मासे, कोलंब्या, शंखातले खेकडे आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू, असा सगळा बारदाना. मुंबईत हा शौक तसा नवा नाही. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, तेव्हापासून समुद्र काचेत बघायची हौस आपल्याकडे आहे. पण मी हा प्रकार जवळून पाहिला तो जालना जिल्ह्यातल्या जाफराबादला. पूर्णेच्या काठचं आमचं तालुक्याचं गाव. (नेटवर शोधताना जपून हं! समुद्रकाठचं जाफराबाद वेगळं. ते गुजरातेत आहे आणि एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या ताब्यात होतं. आमच्या जाफराबादला समुद्र फक्त टीव्हीवर दिसतो.)

माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, सॉफ्टवेअरवाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आला तो तिथेच रमला. वर्क फ्रॉम होमच्या टेबलाशेजारी त्याने तीन फुटी टँक लावलाय. साधारण दीडशे लिटर पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पहिल्याच दिवशी सव्वापाच किलो मीठ! आणि हे मीठ वाण्याकडचं चालत नाही बरं का. कॅल्शियम, मॅग्नेशियम असं सगळं प्रमाणात मिसळलेलं खास मरीन सॉल्ट लागतं.

शेतात वैरी, घरात पाहुणी

मासे ठीक आहेत, पण गोगलगायी विकत आणायच्या, हे गावात कुणाच्या पचनी पडलं नाही. पडणार तरी कसं? २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात गोगलगायींनी कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला होता. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर टाकायचं, रात्री त्याखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा तिथला उपाय. आत्या तर अजूनही येईल त्या पाहुण्याला सांगते, "लोकं गोगलगायी पोत्यात भरू भरू फेकून राह्यले, अन् आमचं पोरगं बसनं मागवून राह्यलं!"

गंमत बघा. शेतातली गोगलगाय मिठाने मरते आणि दादाची गोगलगाय मिठाशिवाय जगत नाही. खानदान एकच, पण संसार वेगळे. एक गोष्ट मात्र दोघींची कॉमन: खाण्याची पद्धत. गोगलगायीच्या तोंडात कानसासारखी एक पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगाच रांगा. त्या पट्टीने ती पृष्ठभाग खरवडत जाते. शेतात ती पान खरवडते आणि टँकमध्ये काचेवरचं शेवाळ. या दातांना कमी समजू नका. गोगलगायींच्या नात्यातला लिंपेट नावाचा एक जीव समुद्रकाठच्या खडकाला चिकटून असतो. ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली त्याच्या दातांची ताकद मोजली, तर ती कोळ्याच्या धाग्यापेक्षाही जास्त निघाली. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ठीक आहे, पण तोंडातल्या कानशीबद्दलही एखादी म्हण हवी होती!

कोण कुठल्या डिपार्टमेंटचं?

या सगळ्या मंडळींना शौकीन लोक 'क्लीन-अप क्रू' म्हणतात. पण सगळे सगळं करत नाहीत. इथेही जॉब प्रोफाइल ठरलेलं असतं.

ट्रोकस: काच आणि खडक विभाग. काचेवरचा हिरवा, तपकिरी थर हा याचा नाश्ता, जेवण, सगळं काही. उलटा पडला तर स्वतःचा स्वतः सरळ होतो, म्हणून नवशिक्यांचा लाडका. त्याच्यासारखाच दिसणारा अॅस्ट्रिया मात्र वाळूत पाठीवर पडला की बहुतेकदा तसाच अडकतो. रोज कुणीतरी त्याला उचलून सरळ करावं लागतं.

टर्बो: हेवी ड्यूटी. लांब केसांसारखं शेवाळ वाढलं की याला बोलवा. पण अंगाने दांडगा. जाता जाता सैल ठेवलेले दगड पाडून जातो.

सेरिथ: नाइट शिफ्ट. दिवसा वाळूत, रात्री काचेवर.

नॅसारियस: याला शेवाळात काडीचा इंटरेस्ट नाही. हा वाळूत गाडून घेऊन बसतो, फक्त सोंडेसारखी एक नळी बाहेर. टँकमध्ये खाणं पडलं की वासावर सगळे एकदम वाळूतून वर येतात. हॉरर पिक्चरच पाहतोय असं वाटतं! माशांनी न खाल्लेले तुकडे संपवणं आणि वाळू खालीवर करणं ही त्यांची कामं.

हर्मिट क्रॅब: शंखात राहणारा खेकडा. उरलंसुरलं सगळं खातो. पण अंग वाढलं की त्याला मोठं घर लागतं, आणि रिकामा शंख मिळाला नाही तर तो जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख ढापतो. म्हणून दादाच्या टँकमध्ये एका कोपऱ्यात वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख ठेवलेत. टू-लेट, नो ब्रोकरेज!

क्लीनर श्रिंप: लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोलंबी. ही टँक साफ करत नाही, मासे साफ करते. मासा तिच्यासमोर शांत उभा राहतो आणि ती त्याच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी टिपून खाते. थोडक्यात, पार्लर.

जादू नाही बॉस, हिशेब आहे

इथे बहुतेकांचा घोळ होतो. त्यांना वाटतं, टँक घाण झाला, आणा पन्नास गोगलगायी, विषय संपला. गोगलगाय शेवाळ खाते, हे खरंच. पण खाल्लेलं जातं कुठे? तिच्या विष्ठेतून परत पाण्यातच! शेवाळ वाढतं ते पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर. ते येतं आपण माशांना घातलेल्या जास्तीच्या खाण्यातून. गोगलगाय हा माल फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळता करते. बाहेर काढायचं काम आपलंच. त्यासाठी फेसाबरोबर घाण ओढून घेणारा स्किमर आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं, हेच खरे उपाय.

दुसरा घोळ घाईचा. नव्या टँकमध्ये आधी जीवाणूंची वस्ती व्हावी लागते. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. या चक्राला बहुतेकदा चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट विषासारखंच असतं. दोन्हींची टेस्ट शून्य दाखवत नाही तोवर एकही जीव आत सोडायचा नाही. त्यानंतर काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. ते डायटम. लोक घाबरतात, पण गोगलगायींसाठी तो जेवणाची घंटा वाजल्याचा सिग्नल असतो.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की घरगुती टँकमधल्या पुष्कळ गोगलगायी आजाराने नाही, भुकेने मरतात. दुकानात 'एवढ्या लिटरला एवढ्या' असा हिशेब सांगतात आणि आपण पॅकेज डील असल्यासारख्या घेऊन येतो. महिन्याभरात काच चकाचक होते. आपण खूश! पण ताट रिकामं झालं, हे त्यांना सांगता येत नाही. मग एकेक जण वाळूत पडलेला दिसतो. मेलेली गोगलगाय वेळेत काढली नाही तर ती कुजून अमोनिया वाढतो आणि बाकीचेही गोत्यात येतात. दादाची टेस्ट सोपी आहे: दोन दिवस हलली नाही तर उचलून वास घ्यायचा. मेली असेल तर नाकाला लगेच कळतं. त्याने सुरुवात फक्त पाच ट्रोकसवर केली. शेवाळ त्यांना पुरून उरतंय असं दिसल्यावरच पुढचे आणले. काच फारच साफ झाली की तो समुद्री शेवाळाचा वाळवलेला तुकडा आत ठेवतो. सुशीला लागतो ना, तोच नोरी. फक्त साधा, मसाला नसलेला.

वाघाच्या पंक्तीला काकडी

आता थोडं सीरियस. परदेशी पुस्तकांत क्लीन-अप क्रूच्या यादीत एक नाव हमखास असतं, समुद्री काकडी. वाळू गिळते, त्यातलं खाण्याजोगं घेते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. एका विक्रेत्याने दादालाही ऑफर केली होती. दादाने नाही म्हटलं, कारण भारतात २००१ सालीच सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेल्या. त्याच परिशिष्टात वाघ आहे! पकडणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. त्याच वर्षी रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळंही त्या परिशिष्टात आली. म्हणजे 'लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळाचा तुकडा खपवणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो, आणि घेणाराही. त्या वर्षीच्या यादीत ट्रोकस आणि टर्बो घराण्यातल्या मोठ्या, शंखासाठी मारल्या जाणाऱ्या जातीही आहेत. त्यामुळे दुकानदाराला जात कोणती, माल कुठला आणि बिल देणार का, हे तीन प्रश्न विचारायचेच. परदेशी जीव साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणीही करावी लागते.

दादाचा टँक म्हणूनच कृत्रिम खडकाचा आहे. सुरुवातीला तो भकास पांढरा दिसायचा, आता त्यावर जांभळट थर चढलाय. क्लाऊनफिशही त्याने हॅचरीत वाढवलेले आणलेत. या माशांची पैदास भारतात व्यवस्थित होते. आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. समुद्रातून ओरबाडून आणायची गरजच काय?

आणि आपल्याकडे ओरबाडण्याइतकं आहे तरी किती? महाराष्ट्रात प्रवाळ आहे ते मालवणच्या आसपास. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईच्या खडकांवरही थोडं आहे. कोस्टल रोडच्या वेळी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळ हलवल्या होत्या. करोडोंच्या रस्त्याला एवढ्याशा जिवांसाठी थांबावं लागलं, यातच काय ते आलं.

साफ करणारे गेले की काय होतं?

याचं उत्तर समुद्रानेच देऊन ठेवलंय. १९८३ साली पनामाजवळ काळ्या लांब काट्यांचा एक समुद्री साळू मरायला लागला. डायाडेमा त्याचं नाव. वर्षभरात साथ जवळपास सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरली आणि ९० टक्क्यांहून जास्त डायाडेमा संपले. खडकावरचं शेवाळ खाणारा तोच मुख्य कामगार उरला होता, कारण शेवाळ खाणारे मासे लोकांनी आधीच मारून खाल्ले होते. परिणाम? जमेकात १९७७ मध्ये रीफच्या ५२ टक्के भागावर जिवंत प्रवाळ होतं. १९९३ पर्यंत ते ३ टक्क्यांवर आलं, आणि शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर! मध्ये चक्रीवादळंही येऊन गेली, पण मोडलेलं प्रवाळ पुन्हा उगवायला जागाच उरली नव्हती. सगळीकडे शेवाळ. त्या कोपऱ्यातल्या माणसाची किंमत तो गेल्यावर कळते, ती अशी.

पाणी, वीज आणि मे महिना

जाफराबादला टँक ठेवायचा तर खरी परीक्षा उन्हाळ्यात. बाहेर ४२ अंश आणि टँकला हवे २५-२६. पाणी ३० च्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात लाइट गेली की पंप बंद. दादाने इन्व्हर्टरवर आधी टँक जोडलाय, मग फ्रिज! पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे दोन-तीन अंश उतरवतात, पण मग पाणी उडतं. आणि इथे एक ट्रॅप आहे. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे वरून घालायचं ते साधं आरओचं पाणी. खारं घातलंत तर टँक दिवसेंदिवस जास्त खारट होतो, आणि त्याचा फटका आधी गोगलगायींना बसतो.

आता आरओ म्हटलं की वाया जाणारं पाणी आलंच. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-तीन लिटर गटारात, आणि तेही जालना जिल्ह्यात! २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या होत्या. ते पाहिलेल्या घरात हा शौक करायचा तर हिशेब द्यावा लागतो. आत्याने अट घातली, 'फेकायचं पाणी माझ्या ड्रममध्ये.' त्या पाण्यावर फरशी, भांडी आणि संडास होतात. आठवड्याला टँकचं १५ लिटर पाणी बदलायचं तर ड्रममध्ये ४५ लिटर जमतं. टँकमधून काढलेलं खारं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही, झाडं जळतात.

कंटाळा आला तर?

तर नदीत सोडायचं नाही. पॉइंट! समुद्री गोगलगाय गोड्या पाण्यात मरेलच. पण गोड्या पाण्याच्या टँकमधला 'सफाई मासा', म्हणजे काचेला चिकटणारा सकर, लोकांनी असाच दया येऊन सोडला. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आज तो उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. अंगावर चिलखत, काटेरी पर. जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. टँक बंद करायचा तर दुसरा शौकीन शोधा, किंवा दुकानदाराला परत द्या.

सुरुवात करताय? हे लावा फ्रिजवर

- टँक लावल्यावर किमान चार-सहा आठवडे फक्त पाणी, खडक, वाळू. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच पुढे.
- क्षारता ३५ च्या आसपास. शंख मजबूत राहायला कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम.
- नवी गोगलगाय धपकन टाकू नका. बारीक नळीला गाठ मारून सलाइनसारखं टँकचं पाणी थेंब-थेंब तिच्या भांड्यात तास-दीड तास सोडा.
- तांब्याचं औषध टँकमध्ये कधीच नाही! माशांचा आजार जातो, पण गोगलगायी, कोलंब्या, खेकडे सगळे मरतात. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये.
- आधी चार-पाच, मग गरजेप्रमाणे. शेवाळ दिसतंय म्हणजे त्यांचा डबा भरलेला आहे.
- समुद्री काकडी, दगडी प्रवाळ, बिनबिलाचा माल: तिन्हीला नो थँक्स.

एवढं सगळं करायचं नसेल तर? तरी काही बिघडत नाही. पुढच्या वीकेंडला मुंबईत असाल तर मॉलऐवजी ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या किंवा गिरगावच्या खडकांवर जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे जीव दाखवतात. हातात काही उचलू नका, दगड उलटे करू नका, फक्त खाली वाकून बघा. डबक्यात शंख सरपटत असतील, हर्मिट क्रॅब घराच्या शोधात फिरत असतील. पगार नाही, सुट्टी नाही, अप्रेझल तर नाहीच. तरी शिफ्ट चालूच!